घागरींची रांग

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
१९ जानेवारी १९३५

ती. स्व. मामांस,
शांतेचे अनेक शरणार्थ वि. वि.

एका प्रश्नाचे उत्तर मला येत नाही. ते आधी कबूल करते आणि मग घरची खुशाली लिहिते.

काल संध्याकाळी भाकरी थापता थापता गौरम्मा आत्याने मला विचारले, की कायद्याने गिरणीतले काम अकरा तासांचे दहावर आणले ते लई ब्येस झालं, पण त्या दहा तासांच्या आधी बाई पाणी भरते, चूल पेटवते, पोरांना खाऊ घालते, तो वेळ तुझ्या त्या पुस्तकात कुठल्या पानावर हाय? मी पुस्तक चाळले. कारखान्यांच्या कायद्याचे ते इंग्रजी पुस्तक मला आता जवळजवळ पाठ आहे. त्यात हवेचे आहे, उजेडाचे आहे, पिण्याच्या पाण्याचे आहे, यंत्राला कुंपण कसे घालावे तेही आहे. आत्याने विचारलेले पान नाही. तुम्ही पंचवीस वर्षे मास्तर आहात, तुम्हाला सापडले तर कळवा.

आत्याने हे उगाच विचारले नाही. मागच्या पत्रात तुम्ही चौकशी केली होती की युनियनचा कसला अर्ज तू लिहिलास, म्हणून पहिल्यापासून सांगते. आत्या ज्या रिळिंग खात्यात सुताच्या लडी करते तिथे सगळ्या बायाच आहेत, आणि त्यांना जितक्या लडी तितकी मजुरी. संध्याकाळचा भोंगा झाला तरी खात्यावरची मुकादम, नायकीण राजाबाई, त्यांना सोडत नसे. लड पुरी करा, मग जा, असा तिचा हुकूम. कायदा नव्या वर्षापासून लागू होणार म्हणून डिसेंबरात मठाच्या अंगणात बायांची सभा झाली. अप्पा युनियनचे, त्यांनी आपल्याच मुलीला लिहायला बसवले. मी मोठ्या दिमाखात लिहिले, की रिळिंगच्या बायांसाठी फाटक सकाळच्या भोंग्याला उघडून बंद व्हावे, संध्याकाळच्या भोंग्याला पुन्हा उघडावे, आणि त्या वेळेबाहेर एकही बाई कामावर असू नये. वाचून दाखवले तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. आत्यानेही केला.

गिरणीच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि जागच्या जागी मंजूर केला. आम्हाला इतका आनंद झाला की कोणाला शंकाही आली नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही बत्तासे वाटले.

यात्रा संपली आणि गिरणी उघडली त्या दिवशी सकाळचा भोंगा झाला, दरवानाने फाटक लावले, आणि निम्म्या बाया बाहेर राहिल्या. त्यात आत्या होती. रिळिंगच्या बाया आजवर भोंग्यानंतर तासाभराने आल्या तरी चालत असे. हा कुठे लिहिलेला नियम नव्हता, नुसती रीत होती. आपल्या गल्लीच्या नळाला पाणीच मुळी सकाळच्या भोंग्यानंतर येते, हे तुम्ही दिवाळीत पाहिले आहे. सभेत आम्ही सगळ्यांनी फक्त संध्याकाळचा भोंगा डोळ्यांपुढे ठेवला होता. सकाळचा कोणाच्या मनातच आला नाही.

आत्या घरी आली, भरलेला डबा फळीवर ठेवला आणि भांडी घासायला बसली. ती रागावली असती तर बरे वाटले असते. आई गेल्यापासून तिने मला वाढवले आणि त्या रिळावर उभी राहून बी. ए. केले. आता माझ्याच अक्षरातल्या अर्जाने तिला फाटकाबाहेर ठेवले आहे. राजाबाई म्हणते की शिवरात्रीपर्यंत ज्यांना वेळेवर येता येणार नाही त्यांच्या जागी दुसऱ्या घेऊ.

अप्पांची तब्येत ठीक. मामींना शरणार्थ. तुमचा लोभ आहेच. या वेळी थोडा जास्त लागेल.

आपली,
शांता

॥ श्री ॥

मंगळवेढा,
२५ जानेवारी १९३५

चि. शांतीस,
शिवलिंगप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि.

तुझे पत्र पोचले. बी. ए. ची मुलगी चुलीपाशी येऊन अडली हे वाचून तुझी मामी इतकी हसली की दूध उतू गेले. मग तिने प्रश्न पुन्हा वाचायला लावला आणि हसायची थांबली. तिचे म्हणणे असे, की हा प्रश्न तिलाही येतो, उत्तर तिलाही येत नाही. मग माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र उघडले.

इकडे ज्वारी निसवली आहे आणि माझी निम्मी शाळा पाखरे हाकायला रानात गेली आहे. हजेरी घेताना मी एकटाच उरतो की काय असे वाटते. तुझा प्रश्न मनात घेऊन काल रानाकडे फिरायला गेलो. खुरपणीच्या बाया दिवस चांगला वर आल्यावर येतात, घरचे उरकून. मालक कुरकुरतो, पण त्याला फाटक लावता येत नाही, कारण रानाला फाटकच नाही. हे उत्तर झाले नाही, हे मला कळते. तुला विचार करायला म्हणून पाठवतो.

आता थोडे कडू. पुण्याच्या मुलींच्या हायस्कुलातून तुला शिक्षिकेची जागा देऊ केल्याचे पत्र आले आहे, त्याला शिवरात्रीपर्यंत उत्तर हवे, हे तूच कळवले होतेस. पुढच्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. तुझी आई अक्षर न ओळखता गेली. तिची मुलगी पुण्यात मुलींना शिकवते हे मला इथल्या पारावर चारचौघांत सांगायचे आहे. म्हाताऱ्या माणसाची हौस समज. शिवाय युनियनच्या अर्जांवर तुझे अक्षर गावभर झाले, तर उद्या कोणती शाळा तुला दारात उभी करील? महादेवप्पांनी मुलीला सभेत बसवण्याआधी एवढे तरी पाहायचे होते. त्यांना हे वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव.

चूक झाली म्हणून डोके धरून बसू नकोस. हात सगळ्यांनी वर केले होते, तर आता डोकीही सगळ्यांनी मिळून चालवा. मोटारवाल्याबरोबर हुरडा पाठवला आहे. गौरम्मा अक्कांना आधी दे, तू नंतर खा.

मामाचा राग पोस्टाच्या तिकिटापुरताच असतो, माया वजनावर जाते, एवढे लक्षात असू दे.

तुझा,
मामा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
३ फेब्रुवारी १९३५

ती. स्व. मामांस,
शांतेचे शरणार्थ वि. वि.

हुरडा पोचला. आत्याने तो शेंगदाण्याच्या चटणीबरोबर सगळ्या गल्लीला वाटला आणि उरलेला तुमच्या भाचीला दिला, म्हणजे ताटलीच्या कडेला चिकटलेला.

तुम्ही म्हणालात तशी परवा पुन्हा सभा घेतली. मी उभी राहिले आणि पहिल्याच वाक्याला बाळाबाई उठली. ती सांगोल्याकडची धनगराची सून, तान्ही मुलगी काखोटीला मारून कामावर येते. तिने विचारले, की बाई, तुमी येवढ्या शिकलात की, मग भोंगा दोन डाव वाजतो ह्ये कसं न्हाय ध्यानात आलं? सगळ्या हसल्या. मी म्हटले की बाळाबाई, हात तर तुम्हीही वर केला होता. ती म्हणाली की व्हय की, येक न्हाय, दोन्ही केलं हुतं, पोरगी खाली ठिवून. मग हसण्याला ऊत आला, आणि मीही हसले.

हसून झाल्यावर भांडण सुरू झाले. ज्या बायांच्या घरी सासू किंवा मोठी मुलगी आहे त्यांना सकाळचे फाटक आहे तसेच हवे. त्या भोंग्याला जातात आणि संध्याकाळी वेळेवर सुटतात, त्यांचे अर्जाने भलेच झाले. ज्यांच्या घरी मागे पाणी भरायला कोणी नाही त्यांना तासाभराने आत जाऊ दिले पाहिजे. मजुरी कमी पडली तरी चालेल, ती पूर्वीही कमीच पडत होती, असे त्यांचे म्हणणे. मी तेव्हा पुस्तक काढले. त्यात असे आहे, की कारखानदाराने कामाच्या वेळेची नोटीस फाटकावर लावली पाहिजे, आणि कामगारांचे गट पाडून प्रत्येक गटाची वेळ निराळी लिहिता येते. म्हणजे एका खात्याला दोन वेळा देणे कायद्याच्या बाहेर नाही. हे वाचले तेव्हा मला परीक्षा पास झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

तो घरी येईपर्यंतच टिकला. अप्पा म्हणाले की दोन वेळा म्हणजे युनियनच्या पायावर धोंडा. आज रिळिंगला दोन गट केले तर उद्या साहेब माग खात्याला तीन गट करील, एक गट आत, एक बाहेर, कोण किती तास राबला ते कोणालाच कळणार नाही, आणि ज्या दहा तासांसाठी गेल्या वर्षी आम्ही उपाशी राहून संप केला ते हवेत जातील. मामा, ते काही चुकीचे बोलत नाहीत. अशा लबाड्या झालेल्या आहेत. मी म्हटले की अप्पा, तुम्ही भोंग्याला आत असता कारण आत्या मागे पाणी भरते. ते ताटावरून उठले. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी आत्यामार्फत बोलतो आहोत. ती म्हणते की माझ्याकडं टपालाचं बी काम आलं का आता.

मी साहेबांना भेटायला गेले तर त्यांनी निरोप पाठवला, की गिरणीत काम न करणाऱ्या बाहेरच्या माणसाशी आम्ही बोलत नाही. काम करणाऱ्या बायांनीच बोलावे. आत्याने बोलावे असे सगळ्यांच्या मनात आहे, कारण ती खात्यातली सर्वांत जुनी. आत्या म्हणते की बोलणाऱ्या बाईचं तिकीट आधी कापतात, कामावरनं घालवतात, आणि मला पंधरा दिवस बाहेर बसवलंत तेवढं पुरं झालं.

पुण्याचे पत्र माझ्या उशाखाली आहे. तुमची हौस मला कळते, माझीही तीच होती.

माया वजनावर पाठवत असाल तर या वेळचे पार्सल जड असू द्यावे.

आपली,
शांता

॥ श्री ॥

सोलापूर,
१० फेब्रुवारी १९३५

राजमान्य शिवलिंगप्पा मास्तर यांस,
गौरम्माचे शरणार्थ.

पत्र शांती लिवायलीय. मी तिला सांगितलंय, मी बोलीन तसंच लिव, सुदरू नगंस. सुदरलं तर मला कळतंय, कारन तवा ती जीभ दातात धरती.

मास्तर, तुमचा हुरडा ग्वाड हुता. वैनीला सांगा, पुढच्या डावाला मिरच्या बी धाडा.

आता कामाचं. तुमच्या भाचीला पुन्याला धाडा. मी सांगून दमले. मी रिळापुढं हुबी ऱ्हायले ती काय हिनं मटाच्या अंगनात बाळाबायशी वाद घालाया न्हाय. हिच्या आईनं हिचा हात माज्या हातात दिला तवा ही येवढीशी हुती, आन् तवाच मी ठरीवलं की ह्या पोरीच्या डोईवर घागर यायची न्हाय. आजपातुर येऊ दिली न्हाय. नळावर मी जाते, ती पुस्तक घिऊन बसती. कुनी कायबी म्हनू दे. पुन्यात घरात नळ हाय म्हनं.

आनि माजी काळजी तिनं करू नये. माजं झालंय. मंगळवारपासनं मी कामावर जायलीय. राजाबाय मला रुईच्या गाड्याच्या फाटकानं आत घेती, पानी भरून झाल्यावर. कुनाला सांगायचं न्हाय, सबंला जायाचं न्हाय, आन् भाचीला गप बसवायचं, येवढंच तिचं म्हननं. मी व्हय म्हनलं.

ह्ये लिवताना हिचा हात थांबला. लिव म्हनलं. लिवायलीय.

मास्तर, तुमी मला लबाड म्हना. पर मी येकटी रांडमुंड बाई, ह्या वयात माजी जागा गेली तर मला दुसरी कोन दील? बाळाबाय तरनी हाय, तिला कुटंबी काम घावंल. सगळ्यांचं वझं मीच कशाला घेऊ? यव्वा, लई झालं. आता दिवा बारीक करायचाय.

मान्सं हाताशी असत्यात तवा भांडत्यात, लांब गेली की आटवन काडत्यात, तसं तुमी लांबूनच आमची आटवन ठिवा.

गौरम्मा

ता. क. मामा, वरचा मजकूर सांगितला तसाच लिहिला आहे. गाड्यांच्या फाटकाचे मला आत्ताच, लिहिता लिहिता कळले. दोष कसा देऊ? तिला बाहेर ठेवणारी मीच. उत्तर आम्हा दोघींना मिळून लिहावे, मी तिला वाचून दाखवीन. शांता.

॥ श्री ॥

मंगळवेढा,
१६ फेब्रुवारी १९३५

गं. भा. गौरम्मा अक्का यांस शरणार्थ, आणि चि. शांतीस आशीर्वाद.

शांते, हे सावकाश वाच, आणि मध्ये आपले काही घालू नकोस.

अक्का, तुम्हाला लबाड म्हणण्याची माझी छाती नाही. माझ्या बहिणीची मुलगी तुम्ही पोटच्या मुलीसारखी वाढवलीत. तुमची जागा राहिली पाहिजे हे मलाही वाटते. शांतीने पुण्याला जावे असेही वाटते. म्हणजे दोन्ही गोष्टींत मी तुमच्या बाजूचा आहे, हे आधी मान्य करून घ्या.

आता एक आठवण. दिवाळीत मी तुमच्याकडे होतो. एके सकाळी तुम्हाला ताप होता आणि मी शौर्य करून घागर घेऊन नळावर गेलो. तिथे घागरींची रांग. पाणी बारीक येत होते. एकही बाई तिथे नव्हती, सगळ्या घरात कामाला लागलेल्या आणि त्यांच्या जागी त्यांच्या घागरी उभ्या. मला वाटले, एवढ्या लांब कोण थांबतो. मी पाहुणा, तुम्ही तापाने फणफणलेल्या. मी आपली घागर गुपचूप चौथ्या नंबरावर सरकवली. तुम्ही कांबळे गुंडाळून दारात येऊन उभ्या होतात, ते मला ठाऊक नव्हते. तशाच चालत आलात, घागर उचललीत, शेवटी नेऊन ठेवलीत, आणि मला म्हणालात की मास्तर, हितं रांग हाय. घागर मुकी असली तरी बाई तिच्यामागं हुबी हाय असं समजायचं.

मी पंचवीस वर्षे पोरांना ओळीत उभे करतो. मला तेव्हा कोणीतरी ओळीत उभे केले.

अक्का, रुईच्या गाड्यांच्या फाटकाबद्दल मला इतकेच लिहायचे होते. पुढे तुम्ही ठरवाल ते. जागा गेलीच, तर मंगळवेढ्यात या भावाचे घर आहे, आणि तुमच्या वहिनीच्या हातची चूल अर्धी तुमची. हे मी बोलण्यापुरते लिहीत नाही, ती शेजारी बसून लिहायला लावते आहे.

मिरच्या पाठवल्या आहेत.

रागावला असाल तर रागावूनच, पण चार ओळी येऊ द्याव्यात.

आपला,
शिवलिंगप्पा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
१० मार्च १९३५

ती. स्व. मामांस आणि मामींस,
शांतेचे शरणार्थ वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल. लिहायला हात रिकामा नव्हता. आता सगळे एकदम लिहिते.

तुमचे पत्र मी आत्याला वाचून दाखवले. ती मिरच्या निवडत होती. रांगेची गोष्ट आली तेव्हा तिचा हात थांबला. संपल्यावर ती एवढेच म्हणाली की मास्तरांनी तवा घागर चौथी न्हाय, तिसरी लावली हुती, सांग त्यांना. आणि पुन्हा मिरच्या निवडू लागली. मी पत्राची घडी केली आणि तिच्याबरोबर निवडू लागले.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येण्याआधी ती रिकामी घागर घेऊन निघाली, पण नळाकडे नाही. गिरणीच्या मोठ्या फाटकापाशी गेली, भोंगा झाला, दरवानाने फाटक लावले, आणि तिने फाटकाच्या तोंडाशी आपली घागर ठेवली. शेजारी बसली. बाळाबाई मागून आली होती. तिने विचारले की गौराक्का, ह्ये काय? आत्या म्हणाली की नंबर लावलाय. बाळाबाई घरी पळाली आणि तिची घागर घेऊन आली. मग एकेक करत बाहेर राहिलेल्या सगळ्या बाया आल्या. कोणी ओरडले नाही, घोषणा दिली नाही. मी पोचले तेव्हा पितळी, तांब्याच्या, पत्र्याच्या घागरींची रांग फाटकापासून रस्त्यापर्यंत गेली होती आणि साहेबांची मोटार तिच्यापुढे उभी होती. ड्रायव्हर भोंपू वाजवत होता. घागरी कशाला हलतात?

साहेब उतरले. आमच्यासारखी मराठी त्यांना येत नाही, पण कळते सगळे. त्यांनी विचारले की हे काय आहे. आत्या उभी राहिली. आवाज नळावरचाच होता. ती म्हणाली की साहेब, नळाला पानी भोंग्यानंतर येतं आन् तुमचं फाटक भोंग्याला लागतं. दोन्हीकडं येकदम हुबं ऱ्हायाला आमाला दोन अंगं न्हाईत. म्हनून घागर हितं आनली, तुमीच भरा. साहेब म्हणाले की मग लवकर उठत जा. त्यावर बाळाबाई मागून म्हणाली की आमी उटतोच की साहेब, नळाला उटवा. दरवान तोंड फिरवून हसला. साहेबांनाही हसू आले असावे, कारण ते रुमालाने बराच वेळ नाक पुसत होते.

त्यांनी पाच बायांना आत बोलावले. मला नाही. मी बाहेरची. बाळाबाईने जाता जाता मुलगी माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली की तुमी ह्ये काम बगा. मी फाटकासमोरच्या लिंबाखाली ते काम पाहत बसले. गटांची गोष्ट आदल्या सभांतून सगळ्यांना तोंडपाठ झाली होती, तरी आत काय होईल याची धास्ती होती. पुस्तकात लिहिलंय असे आत्या ठामपणे म्हणाली, कुठे ते तिला सांगता आले नाही, तेव्हा साहेबांनी स्वतःच आपली प्रत मागवून पान शोधले. मग ते म्हणाले की तासभर निम्मी रिळे रिकामी राहिली तर गिरणीचे नुकसान कोण भरणार. यावर बायाच आपापसांत बोलल्या. रिळिंगमध्ये शेजारणीचे रीळ सांभाळायची रीत आहे, कोणी पोराला पाजायला गेली की बाजूची तिचे तुटलेले धागे जोडते. तेच सकाळी तासभर करू, असे ठरले. त्या लडी कोणाच्या खात्यावर, यावरून साहेबांसमोर दोघी तिघी कडाडून भांडल्या. जिच्या हातून लड उतरली तिची, असा शेवटी निकाल लागला. साहेब म्हणाले म्हणे, की माझ्यापेक्षा तुमच्यात बोलणी अवघड आहेत.

तो सगळा दिवस अप्पा माग खात्यात अस्वस्थ होते. आत जाताना मी आत्याला करारात एक अट घालायला सांगितले होते, ती अप्पांचीच धास्ती होती. सकाळी आत जायला दोन वेळा, भोंग्याला पहिले फाटक आणि तासाभराने दुसरे, पण संध्याकाळी बाहेर यायला एकच भोंगा, आणि त्यानंतर खात्यात एकही बाई नाही, पहिल्या फाटकाची नाही की दुसऱ्याची नाही. मग लपवाछपवी कुठून होणार? नोटीस लागली तेव्हा अप्पांनी ती युनियनच्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले की फाटकं दोन, सुट्टी एक. आता ते वाक्य आपणच काढले असे सगळीकडे सांगत असतात. सांगू देत. त्या दिवशी ते आत्यामार्फत नव्हे, थेट माझ्याशी बोलले. मीठ मागितले.

करार दसऱ्यापर्यंत आहे. तोवर नीट चालले तर कायम, नाही तर पुन्हा एक फाटक. आणखी एक मजा. नोटीस लागल्याच्या संध्याकाळी राजाबाई आमच्या दाराशी येऊन घुटमळली. आम्हाला वाटले आता काही तरी काढणार. तिने हळूच विचारले, की दुसऱ्या फाटकाच्या गटात नायकिणीचं नाव घालता येतं का. तिच्याही घरी पाणी भरायला कोणी नाही म्हणे. आत्याने तिला आधी चहा दिला आणि मग मनसोक्त ऐकवले.

आता माझा प्रश्न. आत्याने विचारलेले पान कायद्यात अजूनही नाही. दुसरे फाटक झाले म्हणून पाण्याचा आणि चुलीचा तास नाहीसा झाला नाही, बायांना तो मजुरी सोडून करायला मिळाला, इतकेच. आधी एवढेही नव्हते, म्हणून मला आनंद आहे. पण त्या तासाचे उत्तर मी पुस्तकात शोधत होते तेव्हा आत्या रोज माझ्याच वाटणीची घागर भरून आणत होती, हे मला तिने तुम्हाला लिहवलेल्या पत्रातून, माझ्याच हाताने लिहिताना समजले.

मामा, तुम्ही लिहाल की उतावीळपणा करू नकोस, मंगळवेढ्याला ये, बोलू आणि मग ठरवू. मी येईन, मामींच्या हातचे खाईन, पण ठरवायचे काही उरलेले नाही. पुण्याला नकाराचे पत्र शिवरात्रीच्या आधीच गेले. इथल्या मुलींच्या शाळेत मला जागा मिळाली आहे. गिरणीच्या मागच्या गल्लीतली ती शाळा अकराला भरते, आणि बाळाबाईसारख्यांच्या मुली तिथे येतील तर येतील. पारावर पुण्याऐवजी सोलापूर म्हणा, लोकांना दोन्ही सारखेच लांब. दसऱ्याला साहेब पुन्हा बोलायला बसतील तेव्हा लिंबाखाली का होईना, मला इथे असायचे आहे.

पुण्याचे कळल्यावर आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती घागरीखालची चुंबळ डोक्यावर नीट बसवली नाहीस म्हणून. दुसरे फाटक तिनेच मिळवले, पण ती त्यातून जात नाही. पंधरा दिवस झाले, सकाळचा भोंगा होतो तेव्हा गौरम्मा आत्या पहिल्या फाटकातून आत गेलेली असते, आणि नळाच्या रांगेत आमच्या घागरीमागे मी उभी असते. घागर शेवटी लावते. तिसरी नाही.

एवढे वाचूनही लोभ शिल्लक राहिला असेल, तर तो असाच राहू द्यावा.

आपली,
शांता